धुणं सात किलो, वाळवणं चार

गुरुवार, ११ मार्च १९९९, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं: ही माझी जन्मवेळ, आणि ती अंदाजपंचे नाही, कारण अब्बा दवाखान्याच्या व्हरांड्यात मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरून बसले होते आणि आतून रडणं ऐकू आल्याबरोबर त्यांनी खिशातल्या खडूनं ती वेळ स्वतःच्याच बाहीवर लिहून ठेवली. टेलर माणसाच्या खिशात पेन नसतो, खडू असतो. अम्मी आजही हे सांगताना कपाळावर हात मारते, की पोरगी झाली म्हून लोक पेढं वाटत्यात आन् ह्यांनी चांगला सदरा खडूनं माखून आनला. तुम्ही मला विचारलंत की कपडे धुणारं आणि वाळवणारं एकत्र मशीन घरात घ्यावं की घेऊ नये, आणि मी जन्मापासून सुरुवात केली, तर त्याला कारण आहे. आमच्या घरात कपडा ही साधी गोष्ट कधीच नव्हती. एवढं आधी समजून घेतलं नाहीत तर पुढचा सगळा मनस्ताप तुम्हाला हास्यास्पद वाटेल, आणि तो हास्यास्पद आहेच, पण भोगावा मला लागला.

अब्बांचं दुकान भिंगारच्या बाजारात होतं. लष्करातल्या लोकांचे गणवेश शिवायचे, ढिले-घट्ट करून द्यायचे, आणि एखादी शिवण जिथे हवी तिथून सुताएवढी सरकली तर गिऱ्हाईक काही बोलायच्या आत स्वतःच उसवायला बसायचे. चुरगळलेला कपडा त्यांना आजारी माणसासारखा दिसायचा. अम्मी श्रीगोंद्याजवळच्या खेड्यातली, उसाच्या पट्ट्यातली, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिची बोली तसूभर हललेली नाही. अब्बा दखनी बोलायचे, अम्मी माहेरची मराठी बोलायची, आणि मी दोघांनाही शाळेच्या पुस्तकासारखी उत्तरं द्यायची, त्यावर अम्मी म्हणायची, आली आमची कलेक्टरीन, आता घरात पानी मागायचं तरी अर्ज करावा लागंल. तर मी अशीच बोलते, तुम्ही लिहिताना ते सोपं करू नका.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि इथल्याच एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. माझं रोजचं काम काय, तर भुकटीत ओलावा किती उरला आहे ते शोधून काढणं. नमुना तोलायचा, भट्टीत वाळवायचा, पुन्हा तोलायचा, जे वजन कमी झालं तो ओलावा. काय सांगू तुम्हाला, दिवसभर मी हेच करते, वर्षानुवर्षं करते आहे, म्हणजे वाळलं ह्या शब्दाला अख्ख्या नगर जिल्ह्यात फसणारी मी शेवटची बाई असायला हवी होती. आणि शोरूममध्ये जाऊन फसणारी पहिली मीच.

पण त्याच्या आधीचं. दोन वर्षांपूर्वी अब्बांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, उरले ते तीन-चार शब्द: हां, बस, बराबर. आम्ही सावेडीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, तिथे हॉलमध्येच बाथरूमच्या दाराशेजारी त्यांची खाट लावली, कारण उचलून नेण्याचं अंतर जितकं कमी तितकं बरं. मग सुरू झाल्या चादरी. डायपर लावून पाहिले, पण ते डाव्या हातानं ओढून काढतात आणि त्याचं पुरळही येतं, त्यामुळे चादर, तिच्याखालचं सुती अंथरूण, लुंगी, सदरा, हे सगळं रोज निदान दोनदा बदलायचं. उन्हाळ्यात तासाभरात वाळतं, नगरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात वाळत नाही. आणि दमट चादरीवर पडून राहिलेल्या माणसाची पाठ लाल व्हायला लागते, मग कातडं सुटतं, मग जखम, डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की ह्या पेशंटला झटक्यापेक्षा पाठीची जखम जास्त धोक्याची आहे. गेल्या पावसाळ्यात एकदा ती झालीच. भरून यायला दिवाळी उजाडली. त्यामुळे आमच्याकडे कोरडी चादर म्हणजे टापटीप नव्हे, औषध.

बाई लावून पाहायचा विषय निघाला की अम्मी विषयच संपवायची. ज्या मानसानं आख्खी पलटन कपड्यानं देखनी केली त्याची लुंगी परकी बाई धुनार व्हय, असं म्हणायची आणि स्वतः पिळायला बसायची. पिळून पिळून तिचं उजवं मनगट सुजलं, डॉक्टरांनी पट्टा दिला आणि पिळणं बंद करायला सांगितलं. मग पिळायचं माझ्याकडे आलं, सकाळी कामावर जायच्या आधी आणि आल्यावर, आणि ओझं घेऊन गच्चीवर जायचं. गच्चीच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये गुंजाळ काकू राहतात. बाई मनानं वाईट नाही, ईदेला शीरखुर्मा न सांगता येऊन पिते, पण तिच्या दाराशी आमच्या चादरी फडफडायच्या आणि ती नाकाला पदर लावून म्हणायची, तस्नीम, मी काही बोलत नाही हं, पण माझ्या पापडांना वास लागतो. मी काही बोलत नाही हे ती दर दिवशी बोलायची.

ह्या सगळ्यात मला हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. दोनदा परीक्षा दिली, दुसऱ्यांदा मुलाखत निघाली, शिष्यवृत्ती मिळाली, आणि रुजू व्हायचं होतं जुलैअखेर, म्हणजे ऐन ज्या दिवसांत चादरी वाळत नाहीत त्या दिवसांत. अम्मी म्हणाली, जा की, मी हाय. मी म्हटलं, तुझं मनगट नाही. ती म्हणाली, मनगट काय सासर सोडून गेलंय का. असं बोलणं झालं की निष्कर्ष कसा काढायचा, तुम्हीच सांगा. मी मनाशी एक अट पक्की केली: माझे दोन हात ज्या कामात आहेत ते काम मी नसताना, अम्मीनं न पिळता, होऊन दाखवायला हवं. झालं तर जायचं. नाही झालं तर संस्थेला नकार कळवायचा. ही अट मी कुणाला सांगितली नाही, कारण सांगितली असती तर अम्मीनं सुजलेल्या हातानं दोन ट्रक चादरी पिळून दाखवल्या असत्या.

म्हणून मशीन. धुण्याचं एक आणि वाळवण्याचं एक अशी दोन घ्यायला बाथरूममध्ये जागा नाही, दोन फूट रुंदीचा कोनाडा आहे, त्यात एकच बसतं. तेव्हा दोन्ही कामं एकाच ड्रममध्ये करणारं छोटं मशीन हाच पर्याय, इथपर्यंत माझा तर्क निर्दोष होता. शोरूममधल्या मुलाला मी विचारलं, क्षमता किती. मॅडम, सात किलो. वाळवण्याची किती. मॅडम, सेमच की, एकाच ड्रममध्ये तर वाळतंय. आणि मी, जी मी कंपनीत पुरवठादाराचा कागद दोनदा वाचल्याशिवाय सही करत नाही, ती मान डोलावून घरी आले. मशीनच्या दाराच्या आतल्या कडेला बारीक अक्षरांत छापलेलं होतं, धुणं सात, वाळवणं चार. कारण उघड आहे हो, कपडा वाळायचा तर त्याला ड्रममध्ये उलगडायला, उडायला जागा हवी, गच्च भरलेल्या ड्रममध्ये गरम हवा जाणार कुठून, हे शाळेतलं पोर सांगेल. पण ते मला मशीन बसवून झाल्यावर कळलं.

पहिल्या दिवशी आम्ही सगळं एकदम कोंबलं. सोलापुरी चादरीसुद्धा. सहा तासांनी मशीननं गाणं वाजवलं, दार उघडलं, आतून वाफ आली, अम्मीनं चादर हातात घेतली आणि खूश होऊन म्हणाली, लई गरम हाय, वाळली. मी म्हटलं, गरम असणं म्हणजे कोरडं असणं नव्हे, थांब. घरात माळ्यावर वजन करायचा टांगता काटा पडून होता, त्याला चादर अडकवली: कोरडी असताना सहाशे वीस ग्रॅमची चादर आठशे चाळीस भरली. म्हणजे पाव लिटरला थोडं कमी इतकं पाणी आत बसलं होतं आणि वर गरम होऊन कोरडेपणाचं सोंग आणत होतं. निवल्यावर अम्मीनं पुन्हा हात लावला आणि म्हणाली, व्हय गं, घामेजली. सदऱ्यांचा तर असा चोळामोळा झाला होता की अब्बांनी एक पाहिला आणि डोळे मिटून घेतले.

आणि पाणी. हे मी तुम्हाला सांगते आहे ते नीट लिहून घ्या, कारण हे कुणीच सांगत नाही. हे मशीन कपडे वाळवताना पाणी वापरतं. ज्या मशीनला हवा बाहेर टाकायची सोय नसते ते आतली वाफ थंड करण्यासाठी गार पाण्याची धार सोडतं, वाफेचं पाणी होतं आणि सगळं मिळून मोरीत जातं. तत्त्व अगदी बरोबर आहे, मी ते फळ्यावर काढून दाखवू शकते. पण नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात कपडे वाळवायला बादल्याच्या बादल्या पाणी लागतं हे वाक्य अम्मीसमोर उच्चारून बघा. ती मग म्हणाली, पान्यानं कापडं वाळत्यात. बरं. मग इस्तवानं भिजवत आसतील. आणि गुंजाळ काकूला बोलावून तिनं हे पुन्हा सांगितलं, आणि दोघी मशीनसमोर उभ्या राहून अशा हसल्या की मी स्वयंपाकघरात निघून गेले.

असो. मी हरणारी नाही. मी प्रयोग लावला. एका वेळी फक्त अब्बांचं: दोन चादरी, एक अंथरूण, लुंगी, सदरा, मिळून अडीच किलोच्या आत. अम्मीला इंग्रजी वाचता येत नाही म्हणून बटणांवर नेलपॉलिशचे ठिपके लावले, लाल म्हणजे धुऊन वाळव, पांढरा म्हणजे नुसतं वाळव, तो बाल्कनीत अर्धवट राहिलेल्या कपड्यांसाठी. एका रविवारी मी स्वतः चालवलं. चादर निघाली ती सहाशे पस्तीस ग्रॅम, म्हणजे कोरडीच, अब्बांनी बोटांत चिमटीनं धरून चोळली आणि म्हणाले, हां. मला तर वाटलं तिकीट काढावं. सोमवारी अम्मीनं चालवलं, मी संध्याकाळी येऊन तोललं, आठशे. मंगळवारी त्याहून जास्त. तीच चादर, तेवढेच कपडे, तोच ठिपका. पुढच्या रविवारी मी, पुन्हा कोरडी. सोमवारी पुन्हा ओली, आणि चादरी पुन्हा गच्चीवर, आणि काकू पायरीवर उभी, काय गं तस्नीम, मशीन म्हणे वाळवतं, मग माझ्या दारात ही काय निशाणं लावलीस.

आता ह्यावर कुणीही शहाणा माणूस काय करेल, घरात विचारेल. मी विज्ञान शिकलेली, मी कारणमीमांसा केली. आठवड्याच्या दिवशी एमआयडीसी चालू असते, म्हणजे विजेचा दाब कमी, म्हणजे हीटर कमी तापतो. ते खोटं निघालं, मी दाब मोजून घेतला. मग बोअरचं जड पाणी, हीटरवर क्षार. मेकॅनिकला बोलावलं. तो आला, दार उघडून बघितलं, म्हणाला, मॅडम नवी कोरी हाय, क्षार बसाया तिला अजून टाईम लागंल. मी त्याला सेन्सरवर व्याख्यान दिलं. तो दुसऱ्यांदा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं दारातच चप्पल काढताना सांगितलं, मॅडम, राग नका मानू, पन मशीन रविवारी बरी आन् सोमवारी आजारी, आसं शाळेच्या पोराचं आसतंय, मशीनचं न्हाई. अम्मीनं त्याला चहा दिला. इतका चांगला चहा, आलं घालून, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

त्याच आठवड्यात कंपनीत वीज गेली आणि आम्हाला दुपारीच सोडलं. मी जिना चढले, दार उघडंच होतं, बाथरूमचंही दार उघडं, आणि नळ धो धो चालू. अम्मी पाटावर बसली होती, मनगटाचा पट्टा काढून खिडकीत ठेवलेला, समोर बादली, आणि मशीननं धुऊन पिळून काढलेली चादर तिनं मधेच बाहेर काढून पुन्हा नळाखाली धरली होती. भिजवली, पिळली. भिजवली, पिळली. तिसऱ्यांदा भिजवली, आणि त्या सुजलेल्या हातानं जमेल तेवढी पिळली, म्हणजे जवळजवळ न पिळताच, पाणी गळत असलेली चादर मशीनमध्ये कोंबली आणि पांढरा ठिपका दाबला. मशीन दर मिनिटाला हजार फेऱ्या मारून जे पाणी बाहेर काढतं ते सगळं तिनं परत आत भरलं होतं, आणि मग ठरलेल्या वेळात ते वाळत नाही म्हणून मी तीनदा मेकॅनिक बोलावला होता.

मी ओरडले. लपवत नाही, मी खूप ओरडले. म्हटलं, अम्मी, हे मशीन तुझ्या मनगटासाठी आणलं, अब्बांच्या पाठीसाठी आणलं, आणि तू. ती म्हणाली, हळू बोल, त्यांची दुपारची जोहरची नमाज व्हायचीय. मी म्हटलं, मशीन स्वतः पाणी बदलून खळबळून काढतं, तीनदा काढतं, तुझ्यापेक्षा चांगलं काढतं. ती म्हणाली, आसंल. त्या बंद डब्यात काय चाललंय मला दिसतंय का? लघवीचं कापड हाय त्ये. तीन पानी गेल्याबिगर पाक व्हतं का? मी काही बोलणार तेवढ्यात तिनं हॉलकडे बोट केलं आणि आवाज खाली आणला. म्हणाली, मशीन आली त्या दिसापासनं ह्यांनी नमाजेला बोट हलवलं नव्हतं. तुला ठाव न्हाई, तू कामावर. अजान झाली की डाव्या हाताचं बोट उचलत्यात ना, त्ये उचललं न्हाई. दोन दीस भिंतीकडं तोंड करून पडलं हुतं. मग मी दार उघडं टाकून नळाखाली तीन पानी घातलं, त्यांना आवाज गेला, तवा कुठं बोट हाललं.

आता बघा. अब्बांची नमाज म्हणजे आता एवढीच आहे, पडल्या पडल्या डोळ्यांनी झुकायचं आणि बोट उचलायचं. बोलणं गेलं, हात गेला, दुकान गेलं, तेवढंच एक ते स्वतः करतात, कुणाच्या मदतीशिवाय. आणि ते पाक, म्हणजे धर्माच्या नियमानं शुद्ध झालेल्या, कपड्याशिवाय करणार नाहीत. आणि हे मला कुणी सांगितलं नाही, कारण मी घरात आले की काटा घेऊन येते. मी अम्मीवर चिडले होते ती चिडलेलीच राहिले, फक्त आता कशावर चिडायचं ते नीट ठरेना. कंपनीत गिऱ्हाईकाची अट विचारल्याशिवाय आम्ही चाचणी लावत नाही. इथे चाचणी लावून मोकळी, आणि गिऱ्हाईक भिंतीकडे तोंड करून पडलेलं.

मी आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, दर वेळी स्वच्छ पाणी आत येत असेल आणि सगळं वाहून जात असेल, असं तीनदा झालं आणि वास-डाग राहिला नाही, तर कपडा पाक, मशीन असो की हात. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. अम्मीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्यांच्या घरी हाय का मशीन? मग मी म्हटलं ठीक, डोळ्यांनीच बघ. मोरीच्या भोकात घातलेला मशीनचा पाईप उपसून काढला आणि बादलीत सोडला, अम्मीला समोर पाटावर बसवलं, लाल ठिपका दाबला. आधी साबणाचं गढूळ पाणी आलं. ते ओतलं. मग एक. मग दुसरं, बऱ्यापैकी नितळ. आणि मग मशीन घरघरायला लागलं आणि थेट वाळवायला लागलं. अम्मीची दोन बोटं मुडपलेली, तिसरं तसंच वर. ती उठली आणि चहा टाकायला गेली. तिनं टोमणा मारला असता तर परवडलं असतं.

मी हार मानली नाही, मी म्हटलं साबणाचं पाणी धरलं तर तीन होतात. अम्मी स्वयंपाकघरातूनच म्हणाली, साबनाचं कसं धरायचं, त्ये तर घान काढायचं. मी पुन्हा इमामसाहेबांना फोन केला आणि मुद्दा सविस्तर मांडला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, बेटी, एक पाणी जास्त घालायला तुला अडचण काय आहे? अडचण काहीच नव्हती. जादा खळबळण्याचं बटण मशीनवर होतंच, आणि ते आहे हे मला ठाऊक होतं. वेळ आणि पाणी वाचावं म्हणून मीच ते बंद ठेवलेलं.

ते सुरू केलं. आणि पाईप कायमचा बादलीतच ठेवला, बाथरूमचं दार उघडं, त्यामुळे पाणी बाहेर पडताना जो धबधबा होतो तो खाटेपर्यंत ऐकू जातो. अम्मी मोठ्यानं सांगते, एक झालं. दोन झालं. ह्ये तिसरं. अब्बा म्हणतात, बराबर. त्यानंतर वाळवताना जे पाणी येतं ते कोमट आणि स्वच्छ असतं, ते तिनं फरशीला आणि संडासात टाकायला साठवायला घेतलं, आणि आता गुंजाळ काकूला सांगते, कापडं बी वाळत्यात आन् फरशी बी निघती, तुज्यागत दोन येळा पानी न्हाई लागत मला. जसा काही शोध तिनंच लावला. आणि काकूला गच्ची परत मिळाली तर ती म्हणते, मी कुठे काय बोलत होते.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. घरातले सगळे कपडे रोज ह्यातच धुऊन ह्यातच वाळतील असं समजून घेत असाल तर घेऊ नका, पश्चात्ताप होईल. दोन वेळा भरावं लागतं, अर्धा दिवस जातो, पाणी जातं, सदरे चुरगळतात, आणि सोलापुरी चादरीचं नावही काढू नका, आमची आजही बाल्कनीच्या तारेवरच वाळते. धुण्याचा आकडा वाचू नका, वाळवण्याचा वाचा, आणि त्याच्याही निम्म्यापेक्षा थोडं जास्त भरा. पण घरात एखादं असं थोडंसं धुणं असेल, जे रोज हवंच आणि कोरडंच हवं आणि ऊन पडो न पडो थांबू शकत नाही, तर हे त्या कामाचं आहे. आणि घेण्याआधी घरातल्या माणसांना विचारा की कपडा स्वच्छ झाला असं तुम्ही कधी म्हणता. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. मला तर तीन वेगळी मिळाली आणि तिघांना एकच ड्रम.

माझी बस उद्या सकाळची आहे. म्हणून आज शेवटची चाचणी घेतली. अट अशी की मी घरात नाही. अम्मीनं मला दाराबाहेर काढलं, कडी लावली, आणि मी जिन्यात काकूसोबत बसले. काकू मला धीर द्यायला आली होती आणि हैदराबादला पाणी कसं आहे, तिथे पोळ्या मिळतात का, एवढंच विचारत राहिली. आतून धबधबा ऐकू आला, अम्मीचा आवाज आला, तिन्ही वेळा. मग मशीन घरघरत राहिलं. काकू मधे घरी जाऊन जेवून आली, मला डबा आणला. अखेर मशीननं गाणं वाजवलं आणि मी काटा घेऊन उठले, पण कडी निघायला उशीर लागला, आणि आत गेले तर अम्मीनं चादर काढून, झटकून, हातानं सुरकुत्या ओढून थेट अब्बांच्या खाली अंथरलीसुद्धा होती. मनगटाला पट्टा तसाच.

मी म्हटलं, अम्मी, तोलायची होती ना! सगळ्या नोंदीत हीच तर महत्त्वाची. ती म्हणाली, त्ये बघ त्यावर झोपल्यात, आता काय बापासकट काट्याला टांगतीस? मी चादरीच्या कडेखाली हात घालायला गेले तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, बास झालं तपासनं. तू जा. अल्ला तुला लई मोठी करंल, मला ठाव हाय. फकस्त तिथनं रोज फोन करून ओली का सुकी विचारू नगंस, मला कामं हायती.

वजनाचा रकाना मोकळाच राहिला. काटा हातात, करायला काही नाही, म्हणून मी खाटेजवळ खुर्ची ओढून बसले. एरवी ओल जाणवली की अब्बा तासाभरात कण्हतात, कूस बदलायला हाक मारतात. आज मारली नाही. दुपार उलटल्यावर होणाऱ्या अस्रच्या अजानेला आपणहून डोळे उघडले, हातानं चादर एकदा चाचपली आणि बोट उचललं. मी मोबाईलमध्ये वजनाच्या जागी जे होतं ते लिहिलं: अब्बांची सलग झोप, दोन तास पंचवीस मिनिटं.